निळ्या झग्याचं वर्ष

कोश-बुलाक, ३ डिसेंबर २००७

ती. अनारकुल एजेस,

साइकालचा सलाम, वि. वि.

इकडे सगळे ठीक आहेत, सासूबाईंचे गुडघे सोडून. एजे, तू थोरली ताई म्हणून हक्काने फोन कर म्हणतेस, पण गावातला एकुलता एक फोन पोस्टात, आणि पोस्टातल्या बाई शब्दन् शब्द ऐकून वर सल्लाही देतात. त्यापेक्षा मिनीबसवाल्याच्या हाती पत्र दिलेलं बरं.

आपल्या धाकट्या बेर्मेतचा ऑगस्टपासून काही पत्ता नाही. मी तिसऱ्यांदा नारीनला पोलिसांत जाऊन आले आणि या खेपेला तक्रार लिहून घ्यायला लावली. तपास अधिकारी तरुण आहे, वागायला बरा आहे. त्याचं एकच म्हणणं, घेऊन जाणाऱ्या बाईचं नाव द्या, नंबर द्या, मग पुढचं बघू. मी काय देणार? कोल्ह्याच्या कातड्याची कॉलर, पांढरी गाडी आणि रंगवलेली नखं, एवढंच मी पाहिलं. ती बाई माझ्या घरी बसून चहा प्यायली, रशियात मिठाईच्या दुकानात नोकरी आहे म्हणाली आणि आपल्या धाकटीला घेऊन गेली. तिला आपलं घर कुणी दाखवलं, हेच मला उमगत नाही. निघायच्या आधी बेर्मेत एक रात्र तुझ्याकडे राहिली होती. काही बोलली का? नीट आठवून लिही.

दुसरी बातमी हसण्यासारखी आहे. नारीनला दारिका नावाच्या बाईंची एक संस्था आहे, अशा फसवून नेलेल्या मुलींसाठी. त्यांनी आम्हा चौदा बायकांना सांगितलं की डिसेंबरभर रोज एकच झगा घाला. लोक विचारतील, बाई, तुमच्याकडे दुसरा नाही का? मग त्यांना सांगा, का ते. मी बेर्मेतचाच घातलाय. तू तिला पाठवलेला तो गडद निळा, पांढऱ्या बटणांचा. ‘यात मी हिशेबनीस दिसते’ असं म्हणून ती इथेच टाकून गेली होती. मला काखेत दाटतो, म्हणून तिथे उसवून जुन्या पडद्याची पट्टी लावली. आज तिसरा दिवस. मुख्याध्यापकांच्या अजून लक्षात आलेलं नाही, पण त्यांच्या तर शाळेचं छप्पर गळतं तेही लक्षात येत नाही.

लोभ आहेच, तो थंडीत गोठू देऊ नकोस.

तुझी,
साइकाल

*

बिश्केक, १६ डिसेंबर २००७

चि. साइकाल हिस,

अनारकुलचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. जिच्या बहिणीचा बाजारात कापडाने भरलेला कंटेनर आहे, ती शाळेत रोज एकाच झग्यात उभी! लोक तुला नाही, मला नावं ठेवतील. सोबत मरून रंगाचा एक झगा पाठवते आहे, लोकरी, गळा बंद. तुझा महिना संपला की लगेच घाल आणि तो निळा चिंध्यांत टाक. पडद्याची पट्टी म्हणे! तुझ्या त्या दारिकाबाई स्वतः काय घालतात ते एकदा नीट बघ.

बेर्मेत माझ्याकडे एकच रात्र होती. मी दुकानातून उशिरा आले. ती नीट जेवलीही नाही, सकाळी मी निघाले तेव्हा झोपली होती. विशेष बोलणं झालं नाही. त्या बाईचं मला काय ठाऊक असणार? दुकानात दिवसाला शंभर बाया येतात, निम्म्यांना कोल्ह्याची कॉलर असते. पोरगी कामात असेल, नाहीतर तिकडे कुणाशी लग्न करून बसली असेल आणि सांगायला लाजत असेल. आपण उगाच वाईट का चिंतावं?

नवऱ्याला सांग, छपरावरचा बर्फ वेळेवर ओढ. सासूबाईंच्या गुडघ्यांना अस्वलाची चरबी चोळ.

लोभात खंड नसावा.

अनारकुल

*

कोश-बुलाक, २ फेब्रुवारी २००८

ती. अनारकुल एजेस,

साइकालचा सलाम, वि. वि.

असा हिवाळा सासूबाईंनीसुद्धा पाहिला नव्हता म्हणे. वीज दिवसातून चार तास. घाटही दोनदा बंद झाला. मुलं वर्गात टोप्या घालून बसतात, त्यामुळे कोण कोण आहे ते मला आवाजावरून ओळखावं लागतं.

मरून झगा पोचला. सुंदर आहे. पेटीत ठेवलाय.

हो, महिना संपला. एकतीस तारखेला तेरा जणींनी आपापला झगा उतरवला. दारिकाबाई पहिल्या तारखेला नव्या कोऱ्या स्वेटरात आल्या, तुझा अंदाज बरोबर होता. त्यांना दोष देत नाही, महिनाच ठरला होता. मी मात्र थांबले नाही. त्याचं कारण मोठं नाही. दहावीतल्या एका मुलीने विचारलं, बाई, तुमचा झगा वाळतो कधी? मी तिला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती परत आली आणि म्हणाली की तिच्या मावशीलाही अशीच एक नोकरी सांगून आलीय, पासपोर्ट आधी द्यायचाय. मावशी गेली नाही. मग मला वाटलं, बेर्मेत येईपर्यंत हाच घालावा. येईपर्यंत म्हणजे किती, हा हिशेब मी करत नाही.

शनिवारी शाळा सुटली की धुते, चुलीजवळ वाळत घालते आणि तो वाळेपर्यंत नवऱ्याच्या मेंढीच्या कातड्याच्या कोटात बसून राहते. नवरा म्हणतो की लग्नाला सतरा वर्षं झाली, पण त्याच्या कोटाला एवढा मान कधी मिळाला नव्हता. सासूबाई हसत नाहीत. त्या म्हणतात की घरात पाहुणे येतात, सून एकाच कपड्यात वाढते, शोभतं का?

एजे, मला भीती वाटते. दिवसा वाटत नाही. कॉलर लावताना वाटते, कारण तिच्या मानेचा वास त्यातून आता गेलाय. ती बाई कोण, हे कुणाला तरी माहीत असेलच. तू बाजारात असतेस. विचारून बघ ना.

लोभ आहे, तुझ्याकडूनही येऊ दे.

साइकाल

*

बिश्केक, ११ एप्रिल २००८

चि. साइकाल हिस,

अनारकुलचे आशीर्वाद.

नवरोजला तू आली नाहीस. सुमोलोकची, गव्हाच्या अंकुरांच्या खिरीची, कढई मी एकटीने ढवळली, शेजारणी नुसत्या गात होत्या. तुझ्या वाटचा डबा मिनीबसवाल्याबरोबर पाठवला होता, तो पोचला की त्यानेच खाल्ला ते कळव.

सोबत दोन झगे पाठवते. एक फुलाफुलांचा, एक साधा राखाडी, मास्तरणीला साजेल असा. फुलांचा तुझ्यासाठी नाही वाटला तरी ठेव, रंग पक्का आहे. अग, तू ते व्रत केलंस, पुरे झालं. अंगावर एकच कापड चढवून कुणी परत येतं का? रशियात लाखो लोक आहेत, त्यांना तुझा झगा दिसत नाही. दिसतो तो मला, रोज, डोळे मिटले की. हे मी चिडून लिहितेय असं समजू नकोस.

आणि दर पत्रात त्या बाईचं विचारू नकोस. बाजारात कुणी कुणाला ओळखत नाही. बाया येतात, कापड मोजून घेतात, चहा पितात, जातात. मी काय प्रत्येकीचा पासपोर्ट तपासते?

मला हल्ली झोप नीट येत नाही. डॉक्टर म्हणतो वय झालं. पन्नाशी म्हणजे काय वय?

लोभ करतेस तसाच करत राहा.

अनारकुल

*

कोश-बुलाक, ७ सप्टेंबर २००८

ती. अनारकुल एजेस,

साइकालचा सलाम, वि. वि.

जनावरं कुरणातून खाली आली. शाळा सुरू झाली. डबा मिनीबसवाल्याने खाल्ला नव्हता, त्याच्या बायकोने खाल्ला. तुझे झगे मिळाले, पेटीत तिघे एकमेकांवर निजलेत. निळ्याचं कोपर विरलं, तिथे ठिगळ लावलं. आता पडदा, झगा आणि ठिगळ असे तीन निळे रंग माझ्या अंगावर आहेत.

आता जे घडलं त्यावर मी दोन दिवस हसले आणि तिसऱ्या दिवशी हसू आटलं. गावात नवीन गुरांचा डॉक्टर आलाय, तालासहून. त्याची बायको परवा साखरेची पिशवी घेऊन आली, उंबऱ्यातच थांबली आणि रीतसर गळा काढून रडू लागली. मला वाटलं, तिच्या घरचं कुणी गेलं. मीच तिला पाणी दिलं. मग तिने हात जोडून दुवा मागितली, तोंडावरून हात फिरवले, भाकरीचा तुकडा मोडला आणि मला विचारलं की धाकटीची माती कुठे झाली.

एजे, गडद निळा झगा, रोज तोच, नऊ महिने. आपल्याकडे याचा अर्थ एकच होतो, मेलेल्याचा वर्षभराचा शोक, आणि भूगोल शिकवणाऱ्या या शहाणीच्या तो डोक्यातच आला नाही. मी लोकांना कारण सांगत होते, लोक मान डोलवत होते आणि मनात म्हणत होते, बिचारी, अजून मान्य करत नाही. आता आठवतं, की मी दुकानात गेले की लोक हळू बोलतात, आणि लग्नाचं बोलावणं मला कुणी दिलं नाही. मी डॉक्टरच्या बायकोला सगळं समजावलं. ती म्हणाली, दुःखात माणसाला असंच होतं, वर्ष भरलं की हलकं वाटेल. साखर मात्र चांगली होती.

आता झगा उतरवला तर ती मेली आणि माझा शोक संपला, असं होईल. ठेवला तर ती मेली आणि माझा शोक चालू आहे. मी ठेवलाय. निदान त्यात मला विचारणारं कुणीतरी भेटतं.

लोभाची गरज आहे, मागते आहे.

साइकाल

*

बिश्केक, १९ ऑक्टोबर २००८

चि. साइकाल हिस,

अनारकुलचे आशीर्वाद.

तुझ्या सासूबाईंचा पोस्टातून फोन आला होता. गोड बोलल्या, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्यांचं म्हणणं, पहिल्या डिसेंबरला तुला वर्ष पुरं होतं. गावातल्या थोरल्या बायका येतील, निळं उतरवतील, पांढरा रुमाल बांधतील, मेंढी कापतील, बेर्मेतच्या नावाने दुवा होईल. मग तूही माणसांत येशील. मी हो म्हटलं. रीतीने हे थोरल्या बहिणीकडून यायला हवं, म्हणून रुमाल आणि पांढरा झगा मीच पाठवते आहे. हिरवा एक आणखी घातलाय, नंतर वापरायला.

मी यावं असं त्यांचं म्हणणं होतं. पण दुकान सोडून येणं जमणार नाही, हिवाळ्याचा माल नुकताच लागलाय.

साइकाल, राग मानू नकोस. सव्वा वर्षात एक शब्द नाही. काय झालं असेल ते आपण दोघी जाणतो, फक्त तू बोलत नाहीस. जी गेली तिला दुवा मिळू दे, जे उरले त्यांना झोप मिळू दे.

लोभ कमी करू नकोस, एवढं ऐकलंस तरी पुष्कळ.

अनारकुल

*

कोश-बुलाक, २ डिसेंबर २००८

अनारकुल एजेस,

सलाम.

तुला वृत्तान्त हवा असेल, तर घे.

गेल्या आठवड्यात मी नारीनला गेले होते. वर्षाच्या जेवणाची बातमी माझ्याआधीच तपास अधिकाऱ्यापर्यंत पोचली होती. तो म्हणाला की ताई, तुम्ही घरच्यांनीच तिच्या नावाने दुवा मागितली, तर मी कुणाला शोधू? घरचे मृत मानतात असा शेरा मारून मला फाइल कपाटात ठेवावी लागेल. तो वाईट बोलला नाही. त्याच्याकडे अशा चाळीस फाइली आहेत, एखादी बंद झाली तर त्यालाही हवंच असणार.

घरी येऊन मी सासूबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या की मेंढी सांगून झाली आहे.

काल अकरा बायका आल्या. अंगणात कढई चढली होती. मला मधे बसवलं, डॉक्टरच्या बायकोने माझा हात धरला. सासूबाईंनी तुझा पांढरा रुमाल उलगडला आणि माझ्या पहिल्या बटणाला हात घातला. मी कॉलर मुठीत धरली. मी ओरडले नाही, वर्गात बोलते तसं बोलले. म्हटलं, हे बटण सुटलं तर कपाटाचं दार लागतं. बेर्मेत जिवंत आहे की नाही ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. ज्याने शोधायचं त्याला तुम्ही आज सुट्टी देताय. मेंढी कापली आहे, ती खा. पण बेर्मेतला मारून खाऊ नका.

बाहेर कढईवरचं झाकण तेवढं वाजत होतं. सासूबाई रुमाल हातात धरून खूप वेळ उभ्या राहिल्या. त्यांचे गुडघे दुखतात, तरी उभ्या राहिल्या. मग त्यांनी तो घडी करून स्वतःच्या कुशीत ठेवला, मांस वाढायला सांगितलं आणि हात पसरून मेलेल्यासाठी नाही, वाटेवरच्या माणसासाठी मागतात ती दुवा मागितली. वाट मोकळी होवो, घरचा उंबरा दिसो. बायकांनी तोंडावरून हात फिरवले. वर्षभर सासूबाईंनी मला टोचलं, पण काल मी त्यांच्या पायाशी बसून रडले.

माझं एवढंच विचारणं आहे. सासूबाई परक्या, त्यांना समजलं. तू तिची सख्खी बहीण. तिला पुरायची तुला एवढी घाई का?

साइकाल

*

बिश्केक, ९ डिसेंबर २००८

साइकाल,

तू विचारलंस, मी सांगते. चार वेळा लिहून फाडलं, आता फाडणार नाही.

त्या बाईला आपलं घर मी दाखवलं. ती माझी गिऱ्हाईक. गुलबारा म्हणून ओळख होती, खरं नाव तेच की नाही देव जाणे. दर महिन्याला यायची, अस्तराचं कापड न्यायची, माझ्या गल्ल्यापाशी बसून चहा प्यायची. मी बोलता बोलता म्हटलं की माझी धाकटी गावात नुसती बसून आहे, हुशार आहे, कुठे चिकटली तर बरं. पत्ता मीच लिहून दिला. तिने बदल्यात मला काही दिलं नाही, मी काही मागितलं नाही. मला वाटलं, मी चांगलं काम केलं. त्या रात्री बेर्मेत माझ्याकडे होती तेव्हा तिने विचारलं होतं, एजे, बाई खात्रीची आहे ना? मी हो म्हटलं. मला झोप आली होती.

ऑगस्टनंतर मी गुलबाराला विचारलं. ती म्हणाली, मजेत आहे, फोन महाग पडतो. मला तेच ऐकायचं होतं, मी ऐकलं. त्यानंतरही वसंतापर्यंत ती यायची आणि मी तिला कापड मोजून द्यायचे. तुझं पत्र आलं की तुला एक झगा पाठवायचे. तू त्यातला एक जरी घातला असतास, तर मी कदाचित हे कधीच लिहिलं नसतं. ती मेली असं ठरलं असतं तर मला पुन्हा कुणी विचारलं नसतं. हेच तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

काल दुकान बंद ठेवून पोलिसांत गेले. तिचा नंबर गेल्या वर्षीच्या कॅलेंडरवर माझ्याच अक्षरात होता, ते पानच देऊन आले. तुझ्या नारीनच्या अधिकाऱ्याचं नाव आणि फाइलचा नंबरही दिला. माझा जबाब घेतला, सही केली. सही चुकली, पुन्हा केली.

लोभ मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

अनारकुल

*

कोश-बुलाक, १५ डिसेंबर २००८

अनारकुल एजेस,

सलाम.

पत्र पोचलं. फाइल उघडी आहे, अधिकाऱ्याने स्वतः फोन करून सांगितलं, पोस्टातल्या बाईंनी ऐकलं, म्हणजे आता गावालाही माहीत आहे.

तुला काय लिहावं ते मला कळत नाही. कळेल तेव्हा लिहीन. दुकान उघड, उपाशी राहू नकोस.

साइकाल

*

२८ जानेवारी २००९

ती. अनारकुल एजे आणि ती. साइकाल एजे, दोघींस,

बेर्मेतचा सलाम, वि. वि.

दोघींना एकच पत्र लिहिते आहे. एक कागद मिळाला, आणि एकच गोष्ट दोनदा लिहिण्याची ताकद नाही. आधी साइकाल एजेने वाचावं, मग मिनीबसवाल्याकडे द्यावं.

मी बरी आहे. वजन कमी झालंय, दोन दात गेलेत, बाकी सगळी मीच आहे. त्या बाईला पकडल्यावर तिने पत्ता सांगितला. आम्ही पाच जणी एका किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत होतो. मिठाई तिथे होती, पण ती आम्ही फक्त रचायचो. दार बाहेरून लागायचं. बाकीचं समोर बसून सांगेन, किंवा नाही सांगणार. आता आम्ही एका आश्रयगृहात आहोत. कागदपत्रं व्हायला तीन आठवडे लागतील, मग विमानाने बिश्केक.

अनारकुल एजे, तुझ्याबद्दल मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ती बाईच म्हणाली, तुझ्या बहिणीने पाठवलंय तुला, आता रडतेस कशाला? मी तुझ्यावर खूप रागावले, मग रागवायला वेळ उरला नाही, मग पुन्हा रागावले. तू पोलिसांत गेलीस हेही इथल्या बाईंनी सांगितलं. चहा ठेव. भेटल्यावर बोलू.

साइकाल एजे, तू माझा निळा झगा चौदा महिने रोज घातलास असं कळलं. तुझ्या काखेत तो बसणं शक्य नाही, म्हणजे शिवण नक्की उसवली असशील. इथल्या बाईंना हे ऐकून रडू आलं. मला हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. कारण मलाही एकच होता. पहिल्या दिवशी कामाचा करडा कोट दिला, आमचे कपडे काढून घेतले. कॉलरला आतून कुणा दुसऱ्याच मुलीचं नाव शिवलेलं होतं. रविवारी धुवायचा आणि वाळेपर्यंत घोंगडी गुंडाळून बसायचं. दीड वर्ष मी दुसरं काही अंगावर घातलं नाही.

म्हणून एक मागणं आहे. विमानतळावर तो निळा घालून येऊ नकोस. तो उतरव, मी येतेय. आणि माझ्यासाठी झगे आणा. एक नको, दोन आणा. एक घालायला आणि एक बदलायला.

लोभ होताच, म्हणून तर येते आहे.

तुमची,
बेर्मेत